दुरावलेल्या भावंडांचें पुनरागमन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आज आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत, ही परमेश्वराची थोर कृपा होय. देवळाचा पाया कसा घातला गेला, शाळा कशी उभी राहिली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं व धर्मभगिनींनीं येथें आपला देह झिजविला, हें माझ्या आधींच्या वक्त्यांनीं यथायोग्य सांगितलें आहे. त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. जे येथें जमले आहेत त्यांच्याविषयीं पुष्कळ बोलून झालें. जे येथें नाहींत, त्यांच्याविषयीं बोलण्याची मला अनुज्ञा असावी.

प्रत्येक धर्मग्रामाच्या कचेरींत स्नानसंस्काराची वही असते. तींतील नांवें एकामागून एक वाचीत गेलें, तर अशीं कित्येक नांवें लागतात कीं, तीं धारण करणारीं माणसें याच गांवांत, हांकेच्या अंतरावर राहतात; परंतु रविवारच्या मिस्सेंत त्यांची जागा वर्षानुवर्षें रिकामी असते. मयताच्या वेळीं तीं देवळाच्या आवारापर्यंत येतात, बाहेर झाडाखालीं उभीं राहतात, आणि पेटी उचलली कीं मुकाट्यानें मागें मागें चालूं लागतात. लग्नाच्या जेवणास येतात, पण वेदीपर्यंत येत नाहींत. आपल्या बोलण्यांत त्यांस ‘थंड पडलेले’, ‘देऊळ सोडलेले’ अशीं नांवें असतात. परंतु वहींत त्यांचें नांव जसें होतें तसेंच आहे. स्नानसंस्कारानें आत्म्यावर उमटलेला ठसा कोणत्याही पापानें पुसला जात नाहीं, असें ख्रिस्तसभा शिकविते. मग आपल्या मनाच्या वहींतून तें नांव कोणीं खोडलें?

‘जुबिली’ हा शब्द आपण मोठ्या हौसेनें वापरतों. त्याचा उगम इब्री भाषेंतील ‘योबेल’ या शब्दांत आहे. मेंढ्याचें शिंग, असा त्याचा अर्थ करितात. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस आज्ञा दिली कीं, पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, शिंग फुंकून देशभर मुक्ततेची घोषणा करावी, ज्याचें वतन गरिबीनें हातचें गेलें त्यास तें परत मिळावें, आणि प्रत्येकानें आपल्या कुळांत परत जावें. बंधुभगिनींनो, त्या आज्ञेंत कमानी नाहींत, पताका नाहींत, बँड नाहीं. तींत परतणें आहे. पुढें १३०० सालीं पोप बोनिफेस आठवे यांनीं रोम येथें पहिलें पवित्र वर्ष पाळलें, आणि ती परंपरा २०२५ सालच्या पवित्र वर्षापर्यंत चालत आली; तींतही पश्चात्ताप, क्षमा आणि देवाकडे परत वळणें हेंच मुख्य अंग राहिलें आहे. तेव्हां ज्या घरचीं माणसें अजून घराबाहेर उभीं आहेत, त्या घरची जुबिली साजरी झाली तरी ती अर्धीच झाली, असें म्हणणें भाग आहे.

माणूस देऊळ सोडतो तो बहुधा एका दिवसांत सोडीत नाहीं. आणि श्रद्धा आटली म्हणून सोडणारे तर थोडेच. कोणी मुंबईस नोकरीला लागतो. रात्रपाळी, आगगाडीचा प्रवास, एकच सुट्टी, यांत एक रविवार चुकतो, मग दहा चुकतात, मग पुनरुत्थानाचा सणही चुकतो, आणि शेवटीं ‘इतक्या दिवसांनीं कोणत्या तोंडानें जावें?’ ही लाजच कुलूप होऊन बसते. कोणाचें लग्न सरकारी कचेरींत झालेलें असतें. त्यामुळें आपणांस देवळाचें दार कायमचें बंद झालें, अशी त्याची समजूत होते. कोणाचा भावाशीं बांधावरून तंटा झालेला असतो. भाऊ पुढच्या बांकावर बसतो, म्हणून हा मागच्या दारानें बाहेर पडतो. एखाद्या बाईस सणाला नेसावयास चांगलें लुगडें नसतें, आणि तिची गरिबी चारचौघींत बोलून दाखविली जाते. एखाद्या आईचें मूल जातें, आणि तिचें रडणें संपण्यापूर्वीच कोणीतरी हलक्या जिभेनें तिला देवाची इच्छा समजावूं लागतो.

याहून कठीण एक प्रसंग आहे. १९१७ सालच्या धर्मसंहितेप्रमाणें, ज्यानें शुद्धीवर असतांना स्वतःचा जीव घेतला व मरणापूर्वी पश्चात्तापाचें कांहीं चिन्ह दाखविलें नाहीं, त्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारला जाई. १९८३ सालच्या नव्या संहितेंत तो निर्बंध राहिला नाहीं. आणि १९९२ सालच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथांत, अशा व्यक्तींच्या तारणाविषयीं निराश होऊं नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठीं प्रार्थना करिते, असें स्पष्ट सांगितलें आहे. परंतु ज्या घराचा मुलगा प्रार्थनेवांचून मातीआड गेला, त्या घरापर्यंत ही वार्ता कोणीं पोंचविली? त्या घरानें देऊळ सोडलें असें आपण म्हणतों. त्या घरास विचारलें, तर तें निराळें सांगेल.

म्हणून कोण कां गेला याचा निवाडा करण्याची घाई आपण करूं नये. कांहीं आपल्या पापामुळें गेले, कांहीं दुसऱ्याच्या पापामुळें गेले, आणि पुष्कळांच्या बाबतींत दोन्ही एकमेकांत असे मिसळले आहेत कीं, ते परमेश्वरासच वेगळे करितां येतील.

परत येणाऱ्याचें स्वागत कसें करावें, याचा पहिला धडा प्रत्यक्ष प्रभु येशूनें घालून दिला आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील पहिला मोठा पतित कोण? संत पेत्र. महायाजकाच्या अंगणांत, कोळशांच्या विस्तवापाशीं शेकत असतां, त्यानें आपल्या गुरूस तीनदां नाकारलें. पुनरुत्थानानंतर गालील समुद्राच्या कांठीं प्रभूची व त्याची भेट झाली, ती संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायांत वाचा. तेथेंही कोळशांचा विस्तव आहे; पण या वेळीं तो प्रभूनें स्वतः पेटविलेला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. रात्रभर राबून उपाशी आलेल्या शिष्यांस प्रभु आधीं न्याहारीस बोलावितो. न्याहारी झाल्यावर मग प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्नही ‘तूं असें कां केलेंस?’ हा नव्हे. ‘माझ्यावर तुझी प्रीति आहे काय?’ एवढाच तो प्रश्न. तीन नकार तीन होकारांनीं धुऊन निघाले, आणि ज्यानें पाठ फिरविली होती त्याच्याच हातीं कळप सोंपविण्यांत आला. आधीं जेवण, मग प्रश्न; आणि प्रश्न प्रीतीचा, हिशेबाचा नव्हे.

दुसरा धडा तिसऱ्या शतकांतील आहे. इ. स. २५० च्या सुमारास रोमन बादशहा डेसियस यानें हुकूम काढला कीं, साम्राज्यांतील रहिवाशांनीं देवतांस बलि अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. असे कांहीं दाखले, पपायरसवर लिहिलेले, इजिप्तच्या वाळूंत सांपडले आहेत. पोप फेबियन यांनीं २० जानेवारी २५० रोजीं आपला प्राण दिला. परंतु असंख्य सामान्य ख्रिस्ती जनांचें धैर्य खचलें. कोणीं बलि दिला, कोणीं चिमूटभर धूप जाळला, कोणीं पैसे चारून नुसता दाखला मिळविला. वादळ शमल्यावर यांतीलच पुष्कळ माणसें रडत मंडळीच्या दाराशीं परत आलीं, आणि मोठा वाद माजला.

एका पक्षाचें म्हणणें असें कीं, छळ सोसलेल्या एखाद्या वीराची चिठ्ठी आणली म्हणजे पुरे. प्रायश्चित्ताची गरज नाहीं. दुसऱ्या टोकास रोम येथील नोवेशियन नांवाचा विद्वान धर्मगुरु उभा राहिला. ज्यांनीं एकदां धर्म नाकारला त्यांस ख्रिस्तसभेनें पुन्हां कधींच जवळ करूं नये, असें त्याचें मत. या दोहोंमधून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज नगरीचे बिशप संत सिप्रियन यांनीं वाट काढली. २५१ सालीं तेथें बिशपांची सभा भरली आणि ठरलें कीं, प्रत्येकाची स्थिति वेगवेगळी पाहावी. ज्यांनीं केवळ दाखला विकत घेतला त्यांस प्रायश्चित्तानंतर घ्यावें. ज्यांनीं प्रत्यक्ष बलि दिला त्यांनीं दीर्घ काळ प्रायश्चित्त करावें, पण पश्चात्तापी माणसास मरणसमयीं विन्मुख पाठवूं नये. रोम येथें पोप कॉर्नेलियस यांनींही हेंच धोरण उचलून धरलें. पुढें दुसऱ्या छळाचीं चिन्हें दिसूं लागतांच, लढाईच्या तोंडावर शिपायास निःशस्त्र ठेवूं नये, या विचारानें प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांस पुन्हां ख्रिस्तप्रसाद देण्याचें ठरलें.

लक्षांत घ्या कीं, सिप्रियन स्वतः त्या पहिल्या छळांत अज्ञातवासांत राहिले होते, आणि त्याबद्दल त्यांस बोल ऐकावे लागले होते. भीति म्हणजे काय हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून भ्यालेल्यांस त्यांनीं तुच्छ लेखलें नाहीं, आणि त्यांचें पाप क्षुल्लकही ठरविलें नाहीं. जखम झांकून ठेवणारा वैद्य आणि रोग्यास दाराबाहेर काढणारा वैद्य, दोघेही सारखेच घातक. १४ सप्टेंबर २५८ रोजीं याच सिप्रियन यांनीं ख्रिस्तासाठीं आपलें मस्तक दिलें. कॉर्नेलियस व सिप्रियन यांचा सण ख्रिस्तसभा १६ सप्टेंबरास एकत्र पाळते, आणि रोमन मिस्सेच्या प्राचीन प्रार्थनेंत दोघांचीं नांवें शेजारीं शेजारीं उच्चारलीं जातात. ३२५ सालीं निकेया येथील महासभेनें नोवेशियनच्या पंथांतून परत येणाऱ्या धर्मगुरूंस अशी लेखी अट घातली कीं, छळांत पडलेल्यांशीं आम्ही सहभागिता ठेवूं. आणि मरणोन्मुख माणसास अखेरची शिदोरी, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, नाकारूं नये, असाही नियम केला.

म्हणजे दार उघडें असावें कीं नसावें, हा प्रश्न सतराशें वर्षांपूर्वीच सुटला आहे. तो पुन्हां काढण्याचा अधिकार तुम्हांआम्हांपैकीं कोणासही नाहीं. आपल्या हातीं एवढेंच आहे कीं, उंबरठ्यावर आलेल्या माणसाशीं आपण कसें वागतों.

आणि येथेंच पुष्कळदां घात होतो. पुष्कळ वर्षांनीं कोणी मिस्सेस आला कीं आपण हंसून म्हणतों, “काय, आज इकडे वाट चुकलांत वाटतें!” बोलणाऱ्याच्या मनांत कांहीं नसतें, पण विचार करा, वर्षानुवर्षें वाट चुकलेल्या माणसास ती ज्या दिवशीं सांपडली, नेमक्या त्याच दिवशीं आपण त्यास ‘वाट चुकलांत’ म्हणतों! दुधानें तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. असा माणूस एका शब्दानें माघारा फिरतो, आणि मग दहा शब्दांनींही परत येत नाहीं.

आपल्या घरांतली रीत आठवा. पुष्कळ दिवसांनीं लेक माहेरीं आली, तर आई दारांतच तिच्याकडून हिशेब मागत नाहीं. पाय धुवावयास पाणी देते, तिच्या हातांतलें गांठोडें घेते, तोंडावरून हात फिरविते. काय सोसलें तें लेक आपण होऊन रात्रीं सांगते. देऊळ हें आपलें माहेर आहे असें आपण म्हणतों, तर माहेराची रीतही तेथें असावी. संत लूकनें सांगितलेल्या दाखल्यांतील धाकटा मुलगा वाटेवर एक भाषण पाठ करून आला होता. ‘मला आपल्या चाकरांपैकीं एकासारखें ठेवा’, हें त्यांतलें शेवटचें वाक्य. बापानें तें वाक्य त्यास उच्चारूंच दिलें नाहीं. तो दुरून धांवत आला, गळ्यांत पडला, आणि अंगरखा, अंगठी व पायतण मागविलें. चाकर म्हणून घरांत घेणें ही बापाची रीत नव्हे.

आतां, ज्यांस परत यावेंसें वाटतें पण वाट ठाऊक नाहीं, त्यांच्यासाठीं चार गोष्टी स्पष्ट सांगतों. येथें बसलेल्यांनीं त्या घरोघर न्याव्या.

पहिली गोष्ट: स्नानसंस्कार एकदांच होतो, परत येणाऱ्यास तो पुन्हां घ्यावा लागत नाहीं. त्याची वाट पापनिवेदनाची, म्हणजे आपल्या जुन्या बोलींतल्या कुमसाराची आहे. किती वर्षें लोटलीं याची लाज धरूं नये. प्रार्थना विसरली असेल तर धर्मगुरु शब्द सांगून मदत करितो. आणि तेथें बोललेलें अक्षरही धर्मगुरूस कोणत्याही कारणानें बाहेर फोडतां येत नाहीं; जाणूनबुजून तें फोडणाऱ्यावर ख्रिस्तसभेच्या बहिष्काराची शिक्षा त्याच क्षणीं ओढवते.

दुसरी गोष्ट: ज्यांचें लग्न देवळाबाहेर झालें त्यांनीं निराश होऊं नये. दुसरी कांहीं आडकाठी नसेल, तर तें लग्न गाजावाजा न करितां, धर्मगुरु व दोन साक्षीदार यांच्या समोर विधियुक्त करितां येतें. पूर्वीच्या विवाहाची अडचण असेल, तर धर्मप्रांताच्या न्यायासनापुढें ती मांडतां येते. २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्या कामाची पद्धत पुष्कळ सोपी केली आहे. प्रत्येकाचा निकाल मनाजोगा होईल असें वचन मला देतां येत नाहीं. परंतु न विचारतांच ‘आपलें कांहीं होणार नाहीं’ असें ठरवून घरीं बसूं नये.

तिसरी गोष्ट: जे विधिपूर्वक दुसऱ्या पंथांत किंवा धर्मांत गेले आणि आतां परत येऊं इच्छितात, त्यांनीं थेट धर्मगुरूंस भेटावें, आवश्यक ती परवानगी बिशपांकडून मिळविणें हें धर्मगुरूंचें काम आहे.

चौथी गोष्ट: घरांत कोणी आजारी असेल, तर शुद्ध हरपेपर्यंत वाट न पाहतां धर्मगुरूस बोलवावें. ‘तो कधीं देवळांत आला नाहीं, आतां कोणत्या तोंडानें बोलावूं?’ असें म्हणत पुष्कळ घरें वेळ दवडितात. त्याच तोंडानें बोलवावें.

हें सर्व एकट्या धर्मगुरूंवर टाकून भागणार नाहीं. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ५२८ व्या कलमानें, ज्यांनीं धर्माचरण सोडलें आहे त्यांच्यापर्यंतही शुभवर्तमान पोंचावें म्हणून झटण्याचें काम धर्मग्रामाच्या प्रमुखावर सोंपविलें आहे. पण त्या कलमांतच श्रद्धावंतांचें साहाय्य घेण्यास सांगितलें आहे. धर्मगुरु दारांत आले कीं कित्येक घरें बावरतात. शेजारीण आली तर बावरत नाहींत. म्हणून माझी विनंति अशी कीं, या महोत्सवाच्या वर्षांत प्रत्येक घरानें एक नांव आपल्या मनांत धरावें, आणि एकदां नव्हे, पुनः पुनः त्या घरीं जावें. हातांत यादी नसावी, तोंडांत उपदेश नसावा. पहिल्या भेटींत प्रकृति विचारावी. कोणाकडून अन्याय घडला असेल, तर ज्याच्याकडून घडला त्यानें क्षमा मागावयास जावें. तें दुसऱ्यानें करण्याचें काम नव्हे. बांधाचा तंटा असेल, तर मिटेल तितका मिटवावा. भावाशीं समेट करून मगच वेदीवर दान ठेवावें, ही प्रभूची आज्ञा पुढच्या बांकावर बसणाऱ्यासही लागू आहे. आणि २ नोव्हेंबरची आठवण ठेवावी. ज्यांचे पाय देवळाकडे वळत नाहींत असेही पुष्कळ जण त्या दिवशीं आईबापांच्या कबरीवर मेणबत्ती लावावयास स्मशानभूमींत येतात. तेथें त्यांच्या शेजारीं उभे राहून एक प्रार्थना करा. त्याहून चांगलें आमंत्रण मला सुचत नाहीं.

गेलेल्यांस आणण्याबरोबरच, जाणाऱ्यांस सांभाळण्याचाही विचार व्हावा. या बाबतींत गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांचें एक उदाहरण मुंबईंत प्रसिद्ध आहे. बोटीवर व शहरांत नोकरीस येणाऱ्या आपल्या मुलांसाठीं गोव्यांतील गांवोगांवच्या लोकांनीं मुंबईंत ‘कूड’ उभारले. गांवचा मुलगा थोड्या भाड्यांत तेथें उतरे, आपली पेटी ठेवी. आणि संध्याकाळ झाली कीं वेदीसमोर सर्वांबरोबर रोझरी म्हणे. गांवच्या पालक संताचा सणही तेथें पाळला जाई. त्या माणसांजवळ मोठें ज्ञान नव्हतें. पण परगांवीं एकटा पडलेला मुलगा प्रार्थनेसही एकटा पडतो, हें त्यांनीं ओळखलें होतें. आपल्या गांवचीं मुलें आज कोठें उतरतात, संध्याकाळीं त्यांस कोण विचारतो, हें आपणांस ठाऊक आहे काय?

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. परत आणणें म्हणजे ओढून आणणें नव्हे. धर्माच्या बाबतींत कोणावरही बळजबरी होऊं नये, हें दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं निःसंदिग्धपणें सांगितलें आहे. लालूच, भीति, नात्याचें दडपण यांनीं आणलेला माणूस देहानें येईल, मनानें बाहेरच राहील. ज्यानें विचारपूर्वक दुसरी वाट धरली आहे त्याच्याशीं शेजारधर्म पाळावा, त्याच्या सुखदुःखांत जावें, त्याच्यासाठीं प्रार्थना करावी. संत मोनिकेनें आपल्या मुलासाठीं वर्षानुवर्षें अश्रु गाळले. ३८७ सालच्या पुनरुत्थानाच्या रात्रीं मिलान येथें संत अँब्रोज यांच्या हस्तें ऑगस्टीनचा स्नानसंस्कार झाला, तेव्हां तो तेहतीस वर्षांच्या सुमाराचा होता. आईचें काम वाट पाहण्याचें होतें. वेळ ठरविण्याचें नव्हतें.

शेवटीं त्याच दाखल्यांतील थोरल्या भावाविषयीं एक शब्द. धाकटा घरांत आला, वाद्यें वाजूं लागलीं, आणि थोरला रुसून बाहेर राहिला. तो आळशी नव्हता, दुराचारी नव्हता. शेतांत राबून आला होता. पन्नास वर्षें वर्गणी भरणारा, मिस्सा न चुकविणारा, देवळाची वीट न् वीट वाहणारा असा तो होता म्हणा ना! बाप त्याच्यासाठींही बाहेर आला व त्याची समजूत घालूं लागला. तो आंत गेला कीं नाहीं, हें प्रभूनें सांगितलें नाहीं. दाखला तेथेंच संपतो. त्याचें उत्तर प्रत्येक धर्मग्रामानें आपल्या वागण्यानें द्यावयाचें आहे. आपल्या धर्मग्रामानें तें याच वर्षीं द्यावें.

ज्या दयाळू पित्यानें आपणां सर्वांस वेळोवेळीं परत घेतलें, तो आपल्या दुरावलेल्या भावंडांच्या मनांत घराची ओढ, आणि आपल्या मनांत त्यांच्यासाठीं जागा निर्माण करो. आमेन.